हृदयातल्या विजेचा नकाशा : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात धडधडीवर लिहिताना मी एका वाक्यात 'थ्रीडी मॅपिंग करून अब्लेशन करतात' (म्हणजे हृदयातल्या विजेचा नकाशा काढून बिघडलेली जागा बंद करतात) असं लिहून पुढे गेले होते. तुमची बरीचशी पत्रं त्या एकाच वाक्यावर आलीयेत. म्हणून या वेळी दुसरा कुठलाच विषय घेत नाही, सगळी जागा याला. पत्रं थोडी छोटी केलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न : आईला (वय ६१) मधूनच एकदम धडधड सुरू होते, दहा-पंधरा मिनिटं चालते आणि बटण बंद केल्यासारखी थांबते. इको नॉर्मल, अँजिओग्राफी नॉर्मल. आता डॉक्टर म्हणतात ईपी स्टडी करू, गरज पडली तर थ्रीडी मॅपिंग आणि अब्लेशन. सगळं नॉर्मल असताना हे कशासाठी?

इकोमध्ये पंप कसा चालतोय ते दिसतं, अँजिओग्राफीत हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या कुठे अडल्यात का ते दिसतं, पण आईंची तक्रार या दोन्हींची नाहीये, ती वायरिंगची आहे. आणि वायरिंग या दोन्ही तपासण्यांत दिसतच नाही. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आले ही चांगलीच गोष्ट आहे, पण 'सगळं नॉर्मल' असं नाही म्हणता येणार.

वायरिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एसए नोड नावाचा बारीकसा पेशींचा गट असतो, तिथून प्रत्येक ठोक्याची विजेची लाट निघते, दोन्ही वरच्या कप्प्यांत पसरते आणि मग मधल्या एव्ही नोडपाशी येऊन साधारण सेकंदाचा दहावा भाग थबकते, तेवढ्यात वरचे कप्पे रिकामे होतात, आणि मग ती खालच्या कप्प्यांत सुसाट जाते. एव्ही नोड तवारा या जपानी संशोधकाने १९०६ मध्ये दाखवून दिला आणि एसए नोड लगेच पुढच्या वर्षी कीथ आणि फ्लॅक यांनी. म्हणजे रस्ते माहीत होऊन शंभरावर वर्षं झाली, पण जिवंत माणसाच्या हृदयात त्या रस्त्यावरून लाट कशी धावतेय हे आतून बघता यायला खूप वेळ लागला.

आईंची धडधड जशी अचानक सुरू होते आणि अचानक थांबते त्यावरून तरी हे फेरा मारणाऱ्या लाटेचं काम वाटतं. म्हणजे लाट एका वाटेने खाली जाते, दुसऱ्या वाटेने परत वर येते, पुन्हा खाली, पुन्हा वर. या दोन वाटा कधी एव्ही नोडच्या आसपासच असतात, कधी जन्मापासून वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा एखादा जादा धागा राहिलेला असतो. ईपी स्टडीत जांघेतल्या शिरेतून बारीक तारा आत नेतात, धडधड मुद्दाम सुरू करून बघतात आणि फेरा कुठून जातोय ते शोधतात. सापडलेल्या जागी तीन-चार मिलिमीटरच्या टोकाने उष्णता देऊन ती वाट बंद करायची, हे अब्लेशन. या प्रकारच्या धडधडीत यश शंभरात पंचाण्णवच्या आसपास असतं.

एक काम मात्र आजच करा. धडधड चालू असताना जवळच्या कुठल्याही दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. शांत असतानाच्या दहा ईसीजींपेक्षा तो एक आमच्या जास्त कामाचा असतो.

प्रश्न : आत कॅमेरा घालतात का? 'थ्रीडी' म्हणजे नेमकं काय दिसतं?

कॅमेरा नसतो. असता तरी उपयोग झाला नसता, कारण सगळीकडे रक्त, आणि वीज काही डोळ्यांना दिसत नाही.

असं समजा की तुम्हाला काळोख्या खोलीत सोडलंय आणि खोलीचा आकार सांगायचाय, तर तुम्ही काय कराल, भिंतीला हात लावत लावत फिराल. आम्ही तेच करतो, हाताऐवजी कॅथेटरचं, म्हणजे त्या आत नेलेल्या बारीक तारेचं, टोक. फक्त ते टोक आत्ता नेमकं कुठे आहे हे कॉम्प्युटरला कळायला हवं, आणि खरी कमाल तिथे आहे.

यासाठी दोन युक्त्या आहेत. पहिली चुंबकाची. पेशंट झोपतो त्या टेबलाखाली कमी ताकदीचं चुंबकीय क्षेत्र तयार करणारी तीन वेटोळी बसवलेली असतात आणि कॅथेटरच्या टोकात छोटासा सेन्सर असतो, त्याला तिन्हींकडून येणारं क्षेत्र कमी-जास्त जाणवतं, आणि त्यावरून टोकाची जागा ठरते, जवळपास एक मिलिमीटरच्या आत. हे तंत्र गेपस्टीन, हायम आणि बेन-हाइम यांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडलं आणि पुढे कार्टो या नावाने कॅथ लॅबमध्ये, म्हणजे या प्रक्रिया जिथे करतात त्या खोलीत, रुळलं. दुसरी युक्ती करंटची. छातीवर, पाठीवर, मानेवर, पायावर असे चिकट पॅच लावायचे, त्यांच्या तीन जोड्या करून शरीरातून अगदी हलका, पेशंटला अजिबात न जाणवणारा करंट सोडायचा, आणि कॅथेटरला तो जिथे जसा मिळेल त्यावरून जागा काढायची. पहिल्या युक्तीत अचूकता जास्त, दुसरीत जवळपास कुठलाही कॅथेटर दिसतो. आताच्या बऱ्याच सिस्टिम दोन्ही एकत्र वापरतात.

तर टोक भिंतीला टेकलं की त्या एका टेकण्यातून तीन गोष्टी मिळतात : जागा कुठली, तिथे लाट किती वाजता पोचली (मिलिसेकंदात) आणि तिथला सिग्नल किती जोराचा आहे (मिलिव्होल्टमध्ये). असे पॉइंट गोळा होत जातात आणि स्क्रीनवर हळूहळू त्या कप्प्याचा पोकळ आकार उभा राहतो, तो फिरवून मागून-पुढून-आतून कसाही बघता येतो. पूर्वी एकेक पॉइंट घेऊन पन्नास-शंभर झाले तरी खूप वाटायचं, आता एकाच कॅथेटरवर सिग्नल टिपणारे डझनावारी इलेक्ट्रोड असतात आणि काही मिनिटांत हजारो पॉइंट येतात.

एक गोष्ट नेहमी लक्षात ठेवा. जिथे कॅथेटर टेकलाच नाही तिथे कॉम्प्युटर आजूबाजूच्या पॉइंटवरून अंदाज बांधतो आणि रंग भरून टाकतो. चित्र गुळगुळीत, सुंदर दिसतं म्हणून ते सगळं मोजलेलं असतं असं नाही.

प्रश्न : डिस्चार्जच्या कागदांत माझ्या मॅपिंगचा रंगीत फोटो आहे. त्यात एक मोठा भाग लाल आहे. तो भाग खराब झालाय का? झोप उडालीये.

फोटोच्या कडेला एक उभी रंगपट्टी असेल, तिच्यावर आकडे असतात, त्यांच्याजवळ एमएस लिहिलंय की एमव्ही ते आधी बघा. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

एमएस असेल तर तो वेळेचा नकाशा. यात लाल म्हणजे लाट जिथे सगळ्यात आधी पोचली ती जागा, मग केशरी, पिवळा, हिरवा, निळा, आणि जांभळा म्हणजे सगळ्यात उशिरा. (काही सिस्टिममध्ये सगळ्यात आधीची जागा पांढरी दाखवतात.) इथे लाल म्हणजे खराब नव्हे, लाल म्हणजे 'आधी'. तुमच्या अगदी नॉर्मल लयीत नकाशा काढला तरी एसए नोडच्या जागी लालच येणार.

एमव्ही असेल तर तो जोराचा नकाशा, म्हणजे व्होल्टेज मॅप, आणि त्यात अर्थ अगदीच वेगळा. तिथे जांभळा म्हणजे भरघोस सिग्नल देणारा निरोगी स्नायू आणि लाल म्हणजे सिग्नल क्षीण, म्हणजे बहुतेक जखमेचा वण. खालच्या कप्प्यांसाठी नेहमी वापरतात ते आकडे असे, १.५ मिलिव्होल्टच्या वर निरोगी, ०.५ च्या खाली दाट वण, आणि मधला पट्टा अर्धामुर्धा जिवंत. पण कॅथेटर नीट टेकलेला नसला तरी सिग्नल क्षीण येतो आणि चांगला स्नायूसुद्धा लाल दिसतो. म्हणून नुसत्या रंगावरून घाबरू नका, ज्यांनी नकाशा काढला त्यांनाच तो फोटो दाखवून विचारा.

आता वेळेच्या नकाशावर जरा थांबते, कारण मला स्वतःला तो फार आवडतो आणि मॅपिंगचा जीव त्यातच आहे. 'लाट किती वाजता पोचली' हे ठरवायला एक न हलणारं घड्याळ लागतं. त्यासाठी एक कॅथेटर हृदयाच्या मागच्या बाजूला एका शिरेत, कोरोनरी सायनसमध्ये, नेऊन ठेवतात आणि प्रक्रिया संपेपर्यंत हलवत नाहीत. त्याच्यावरचा सिग्नल म्हणजे शून्य, बाकी सगळे पॉइंट त्याच्या इतके आधी किंवा इतके नंतर. तो कॅथेटर जरा जरी सरकला तर त्याआधीचे आणि नंतरचे पॉइंट एका मापात राहत नाहीत आणि बऱ्याचदा नकाशा पहिल्यापासून काढावा लागतो.

रंग कसे मांडले गेलेत त्यावरून आजाराची जात कळते. शांत पाण्यात खडा टाकल्यावर जशी वलयं उठतात तसं मध्ये लाल ठिपका आणि त्याभोवती पिवळा, हिरवा, निळा, तर एकच खोडकर जागा आहे, तिथून ठोके उडतायत, ती बंद केली की झालं. पण लाल जिथे सुरू होतो तिथेच जांभळा येऊन त्याला भिडला, म्हणजे शेवट आणि सुरुवात शेजारी-शेजारी, तर लाट गोल फिरतेय. आणि गोल फिरणाऱ्या लाटेत लाल जागेला काही महत्त्व नसतं, कारण वर्तुळाला सुरुवात नसते, कुठून मोजायला लागलो तिथे लाल येतो एवढंच. तिथे शोधायची असते ती वर्तुळातली अरुंद खिंड.

एक उदाहरण घेऊन बघू. फ्लटर नावाच्या आजारात वरचे कप्पे मिनिटाला साधारण ३०० च्या वेगाने धावतात, म्हणजे एक फेरी २०० मिलिसेकंदांची. उजव्या कप्प्याचा नकाशा काढला आणि त्यात २०० च्या २०० मिलिसेकंदांचे रंग सापडले, उजव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपेभोवती ओळीने, तर सगळं वर्तुळ याच कप्प्यात आहे, आणि झडप व खालच्या मोठ्या शिरेच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर डागांची एक रेघ मारली की ते तुटतं. पण उजवीकडे सगळीकडे फिरूनही ८० मिलिसेकंदांचेच रंग मिळाले, तर उरलेले १२० कुठेतरी दुसरीकडे चाललेत, बहुतेक डाव्या कप्प्यात, आणि उजवीकडे कितीही रेघा मारल्या तरी ते थांबणार नाही. डोक्यात हे गणित चालू असताना समोरच्या स्क्रीनवर रंग भरत जातात तेव्हा इतक्या वर्षांनंतरही मी खुर्चीत पुढे सरकून बसते.

प्रश्न : मला (वय ३४) होल्टरमध्ये (दिवसभर अंगावर लावून ठेवतात तो ईसीजी) १८ टक्के एक्स्ट्रा ठोके निघाले. अब्लेशनसाठी टेबलावर घेतलं, दोन तास थांबले आणि 'ठोके येत नाहीयेत' म्हणून परत पाठवलं. फुकट गेलं सगळं. त्यांना जमलं नाही असंच समजायचं का?

नाही हो, असं समजू नका. मन खट्टू होणं अगदी साहजिक आहे, उपाशी राहून, मनाची तयारी करून गेलात आणि काहीच झालं नाही. पण ठोकेच येत नसताना त्यांनी अंदाजाने कुठेतरी डाग दिला नाही, हे त्यांनी बरोबरच केलं.

हृदयाचे ठोके दिवसाला सुमारे एक लाख पडतात, त्यातले १८ टक्के म्हणजे जवळपास अठरा हजार ठोके जादा. हे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या पुढे बराच काळ राहिलं तर काहींचा पंप कमजोर होऊ शकतो, म्हणून तुमचे डॉक्टर मागे लागलेत. पण हे ठोके फार लहरी असतात, आज अठरा हजार तर परवा दोन हजार. झोपेचं औषध दिलं की कधीकधी एकदम गप्प होतात. आणि नकाशा काढायचा म्हणजे तो ठोका आला त्या क्षणी कॅथेटर त्या जागी असायला हवा, मग पुढचा ठोका, मग पुढची जागा, शोधायचं काय तर ईसीजीवर ठोका दिसायला लागण्याच्या २०-३० मिलिसेकंद आधी कुठे सिग्नल उठतोय. ठोकाच नाही तर मोजणार काय?

पुढच्या वेळी काही गोष्टी आधीच विचारून ठेवा. ठोके दाबणाऱ्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या (स्वतःच्या मनाने बंद करू नका, प्रत्येक औषधाचा अंगातून निघून जायचा वेळ वेगळा), सुरुवातीला झोपेचं औषध न देता किंवा अगदी कमी देता येईल का, आणि तुम्हाला ठोके व्यायाम करताना जास्त येतात की आराम करताना, हे त्यांना आवर्जून सांगा. टेबलावर ठोके आणायला आयसोप्रेनलीन नावाचं औषध देतात, ते कुणाला ते चालू असताना काम करतं, कुणाला ते बंद केल्यावर पाचव्या मिनिटाला.

अगदी मोजकेच ठोके आले तरी एक वाट असते, पेस मॅपिंग. तुमच्या एक्स्ट्रा ठोक्याचा बारा लीडचा, म्हणजे बारा बाजूंनी बघणारा, ईसीजी समोर ठेवायचा, आणि कॅथेटरने आपणच वेगवेगळ्या जागी हलका करंट देऊन ठोका पाडायचा, ज्या जागेहून पाडलेला ठोका बाराच्या बारा लीडमध्ये हुबेहूब तसाच दिसेल ती जागा आपली. हस्ताक्षर जुळवण्यासारखंच आहे हे. यासाठीही तुमच्या ठोक्याचा चांगला बारा लीडचा ईसीजी हाताशी हवाच.

प्रश्न : थ्रीडी मॅपिंग सगळ्यांना लागतंच का?

नाही. एव्ही नोडजवळच्या साध्या फेऱ्यांसाठी एक्सरे आणि सिग्नल यांच्यावर वर्षानुवर्षं उत्तम काम होत आलंय आणि आजही होतं. फ्लटरचा नेहमीचा प्रकारही तसा जमतो. मात्र एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची लय पार विस्कटते तो आजार), जखमेच्या वणातून उठणाऱ्या लयी, आधी ऑपरेशन झालेलं हृदय, जन्मापासून रचना वेगळी असलेलं हृदय, किंवा एकदा अब्लेशन होऊन त्रास परत आलेला, इथे नकाशाशिवाय हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची आहे. एक्सरेच्या किरणांची भीती वाटते.

ही भीती रास्त आहे, आणि नकाशाचा एक मोठा फायदा इथेच आहे. कॅथेटर कुठे आहे हे स्क्रीनवर एक्सरेशिवायच दिसतं, त्यामुळे किरणं खूप कमी होतात आणि बऱ्याच केसेसमध्ये एक्सरे अजिबात न वापरता काम होतं. लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी तर हे फारच मोलाचं. 'एक्सरे किती वापराल, शून्यावर करता का' असं सरळ विचारा, त्यात अवघडण्यासारखं काही नाही.

प्रश्न : बाबांचं एट्रियल फिब्रिलेशनचं अब्लेशन झालं, मॅपिंग करून. महिन्याभरात पुन्हा लय बिघडली. नकाशा होता तरी चुकलं कसं?

एका महिन्यावर निकाल लावू नका. डाग दिलेली जागा सुरुवातीला सुजलेली, चिडलेली असते, त्यामुळे पहिले दोन-तीन महिने लय बिघडली तरी ते अपयशात धरत नाहीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र या काळात आपल्या मनाने थांबवू नका, बरं वाटलं तरी.

आता नकाशा असून काय झालं असेल ते सांगते. १९९८ मध्ये फ्रान्समध्ये हायसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की फिब्रिलेशनची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांतून डाव्या वरच्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. म्हणून या आजारात प्रत्येक शिरेच्या तोंडाभोवती डागांचं कडं करतात, म्हणजे आत ठिणगी पडली तरी बाहेर येणार नाही. डाग एकाला एक लागून हवेत, मध्ये काही मिलिमीटरची फट राहिली किंवा सुजलेला स्नायू नंतर पुन्हा जिवंत झाला की त्या फटीतून वीज बाहेर. त्या दिवशी टेबलावर कडं पक्कं असतं आणि महिन्यांनी एका जागी उघडतं, हे होतं. दुसऱ्यांदा करायची वेळ आलीच तर नकाशात ती फट शोधायची असते, सगळं कडं पुन्हा काढायचं नसतं. शिवाय ज्यांना फिब्रिलेशन बरीच वर्षं आहे त्यांच्या कप्प्यात ठिकठिकाणी वण झालेले असतात, व्होल्टेज मॅपमध्ये ते दिसतात आणि पुढे किती यश येईल याचा अंदाज त्यावरून येतो. अधूनमधून येणाऱ्या फिब्रिलेशनमध्ये अब्लेशनला चांगलं यश मिळतं, कायम मुक्कामाला आलेल्यात कमी, हे आधीच सांगायला हवं.

आता उष्णतेऐवजी अतिशय थोडा वेळ टिकणाऱ्या विजेच्या झटक्यांनी हे कडं करण्याची पद्धत आलीये, पल्स्ड फील्ड अब्लेशन. डाव्या वरच्या कप्प्याच्या मागेच अन्ननलिका असते, तिला इजा होण्याची भीती त्यात बरीच कमी. तरी फट राहायचा प्रश्न त्यातही आहेच, त्यामुळे नकाशा तिथेही उपयोगी पडतो.

प्रश्न : हार्ट अटॅकनंतर सासऱ्यांना आयसीडी मशीन (धोक्याची लय सुरू झाली की आतूनच शॉक देणारं) बसवलंय. आता त्याचे शॉक बसतायत. चुंबकाचं मॅपिंग त्यांना चालेल का? आणि ठोके इतके धोकादायक असताना ते मुद्दाम सुरू करतात म्हणे?

चालेल, हे क्षेत्र एमआरआयच्या तुलनेत अगदीच क्षीण असतं. अब्लेशन चालू असेपर्यंत आयसीडीचे शॉक बंद ठेवतात, नाहीतर अब्लेशनच्या करंटचा गोंगाट ऐकून मशीनला वाटेल लय बिघडली, आणि ते शॉक देईल. तेवढा वेळ बाहेरचे शॉकचे पॅड छातीवर लावलेले असतात. संपल्यावर मशीन पुन्हा चालू केलं आणि तपासलं ना, हे मात्र वॉर्डमध्ये जाण्याआधी विचाराच.

अटॅकमध्ये मेलेला स्नायू म्हणजे वण, पण त्या वणाच्या आत जिवंत स्नायूचे बारीक धागे उरलेले असतात, पांदीसारख्या चिंचोळ्या वाटा. त्यातून लाट रखडत रखडत जाते आणि पलीकडून बाहेर पडेपर्यंत बाकीचं हृदय पुन्हा पेटायला तयार झालेलं असतं, म्हणून फेरा सुरू. ही धोक्याची लय सुरू करून नकाशा काढता येतो, पण बऱ्याच पेशंटचं ब्लड प्रेशर तेवढ्यात कोसळतं, मग तसं करत नाहीत. शांत लयीतच व्होल्टेज मॅप काढायचा, लाल पट्ट्याच्या आत-बाहेर फिरून ते उशिरा येणारे, तुटक, काटेरी सिग्नल हुडकायचे, प्रत्येक जागी खूण करायची, आणि त्या वाटा बुजवायच्या. काम चिकाटीचं आहे, तासन्‌तास चालतं, आणि याने आयसीडीची गरज संपत नाही, शॉक कमी होतात. पण ज्याने जागेपणी शॉक खाल्लाय त्याला विचारा, कमी होणं म्हणजे काय ते.

प्रश्न : धोके कोणते? खरं सांगा.

जांघेत रक्त साकळणं, काळंनिळं होणं हे सगळ्यात जास्त दिसतं आणि बहुतेकदा आपोआप बरं होतं. हृदयाच्या भिंतीला भोक पडून भोवती रक्त साठणं हा गंभीर धोका, शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी, टीम तयार असेल तर तिथल्या तिथे सुई घालून काढतात. डाव्या बाजूला काम असेल तर पक्षाघाताचा थोडा धोका, म्हणून प्रक्रियेत रक्त पातळ ठेवतात. एव्ही नोडच्या अगदी जवळ डाग द्यायचा असेल तर मुख्य वायरच दुखावून पेसमेकर लागण्याची शक्यता, हीसुद्धा शंभरात एकाच्या आतबाहेर. इथे नकाशा खूप धीर देतो, कारण मुख्य वायर जिथे सापडली तिथे आधीच रंगीत ठिपके मारून ठेवलेले असतात आणि त्या ठिपक्यांपासून किती मिलिमीटरवर आहोत ते डाग देताना सतत दिसतं. कॅथेटर भिंतीवर किती ग्रॅमने दाबला जातोय तेही आता दिसतं, साधारण १० ते २० ग्रॅम पुरतो, त्याहून फार वर गेलं की मी हात मागे घेते.

प्रश्न : मी कॅथ लॅब टेक्निशियनचं शिक्षण घेतोय. हजारो पॉइंट आपोआप येतात तर आता माणसाचं काम काय उरलं? जितके पॉइंट जास्त तितका नकाशा बरोबर, ना?

बाळा, हा प्रश्न विचारलास ते फार बरं केलंस.

मशीन प्रत्येक पॉइंटवर 'इथे लाट आली' अशी एक रेघ मारतं. ती रेघ योग्य सिग्नलवर पडली का हे त्याला नेहमी कळतंच असं नाही. झडपेच्या कडेला कॅथेटर असला की वरच्या कप्प्याचा सिग्नल छोटा येतो आणि खालच्या कप्प्याचा लांबून ऐकू येणारा सिग्नल मोठा, मग रेघ मोठ्यावर पडते. वणाच्या जागी एकाच पॉइंटवर दोन सिग्नल येतात, एक आधी, एक नंतर, आणि त्यातला खरा कुठला हे बाकीचे शेजारी बघून ठरवावं लागतं. असे चुकीचे पन्नास पॉइंट हजारोंच्या गर्दीत सहज लपतात, आणि चित्र तर इतकं देखणं येतं की शंकाच येत नाही.

एकदा डाव्या वरच्या कप्प्यातल्या फ्लटरचा नकाशा काढत होतो, पेशंटचं आधी एकदा अब्लेशन झालेलं. आठ-नऊ हजार पॉइंट झाले होते आणि कप्प्याच्या छतावर, हिरव्या-निळ्याच्या मधोमध, एक लाल बेट दिसत होतं. सगळ्यांचं म्हणणं पडलं की ठिणगी इथेच आहे. आमची टेक्निशियन तेव्हा काम शिकून जेमतेम वर्ष झालेली, ती म्हणाली मॅडम एक मिनिट, आणि तिने त्या बेटावरचे पॉइंट एकेक करून उघडायला घेतले. अकरा पॉइंट होते. प्रत्येकात आधी एक छोटीशी, बोथट लाट आणि मग १४० मिलिसेकंदांनी एक टोकदार, बारीक सिग्नल. रेघ सगळीकडे त्या बोथट लाटेवर पडलेली. बोथट म्हणजे लांबचा, टोकदार म्हणजे टोकाखालचा, हे पुस्तकात सगळे वाचतात, पण ते अकरा वेळा उघडून बघायला सवड काढावी लागते. तिने अकराही रेघा सरकवल्या. बेट गेलं, तिथे जांभळा आला, आणि त्या जांभळ्याच्या शेजारीच, आधीच्या जुन्या डागांच्या रेघेत, दोन बोटांच्या पेराएवढ्या अंतरावर लाल पट्टा उभा होता जो आधी कुणाच्या लक्षातच आला नव्हता. आम्ही कॅथेटर त्या दोन रंगांच्या मध्ये नेला, सिग्नल लांबच लांब, तुटक, अर्धी फेरी व्यापणारा. डाग द्यायला सुरुवात केली, सातव्या सेकंदाला फ्लटर मंदावला आणि बाराव्याला थांबला.